दुकानाची वही क्लाउडवर गेली, किल्ली कोणाच्या हातात?

२२ जुलै २०२५ रोजी नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल अचानक बंद पडले. नायरा म्हणजे गुजरातमधल्या वाडीनारची मोठी रिफायनरी आणि देशभरातले साडेसहा हजारांहून जास्त पेट्रोल पंप. चोरी झाली नव्हती, आग लागली नव्हती, व्हायरसही शिरला नव्हता. चार दिवस आधी युरोपियन युनियनने या कंपनीवर निर्बंध जाहीर केले होते, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांचा हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने आपली सेवा थांबवली. परवान्याचे पैसे पूर्ण भरलेले आहेत, तरी आमचाच डेटा आम्हाला उघडता येत नाही, अशी तक्रार घेऊन नायराला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. ३० जुलैला सेवा परत सुरू झाली.

एवढ्या मोठ्या कंपनीकडे वकील होते, कोर्टात जायची ताकद होती. आठ दिवसांत काम झालं. आता हीच वेळ भिवंडीच्या एखाद्या लूम कारखान्यावर किंवा मिरजेच्या होलसेल किराणा दुकानावर आली तर? तिथं कोर्टाचा खर्च सोडाच, तक्रार कुठल्या नंबरवर करायची हेही कुणाला माहीत नसतं. युरोपचे निर्बंध आपल्या गल्लीपर्यंत येणार नाहीत, हे खरं. पण ॲपचं वर्षाचं भाडं भरायचं राहिलं, जुना मोबाइल नंबर बंद झाला, हिशेब बघणारा मुलगा नोकरी सोडून दुबईला गेला, एवढ्या साध्या कारणांनीही दार तसंच बंद होतं.

आणि आपल्या घरातल्या धंद्यांची वही आता बहुतेक त्या दाराच्या आतच आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून लाल कापडाची वही हळूहळू मागे पडली. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. छोट्यांवर सक्ती नाही, पण समोरची पार्टी मोबाइलवर बिल मागते, सीए ऑनलाइन डेटा मागतो, ट्रान्सपोर्टवाला ई-वे बिल मागतो. मग बिलिंगचं ॲप आलं, पावत्यांचे फोटो गुगल ड्राइव्हवर गेले, उधारीचं खातं मोबाइलमध्ये गेलं, आणि उरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर.

शाळेत मुलांना विचारा क्लाउड कुठे असतो, निम्मी मुलं वर बोट दाखवतात. मोठ्यांचंही फार वेगळं नाही. क्लाउड वर कुठे नसतो. तो ऐरोलीत आहे, महापेत आहे, पुण्यात आहे. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपलं केंद्र सुरू केलं, मायक्रोसॉफ्टने त्याच्या आदल्या वर्षी पुणे धरलं, गुगल २०१७ मध्ये मुंबईत आलं. समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून देशातली सगळ्यात जास्त डेटा सेंटर मुंबई आणि नवी मुंबईत उभी राहिली. खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती, आत कॉम्प्युटरची कपाटं, त्यांना थंड ठेवणारी यंत्रं, बाहेर जनरेटर. आपण त्या कपाटातला एक छोटासा कोपरा भाड्याने घेतो. भाडेकरूचे काही हक्क असतात, काही नसतात, आणि ते करारात लिहिलेलं असतं. तो करार आपण ‘मी सहमत आहे’ वर बोट ठेवून न वाचता पुढे ढकललेला असतो.

फायदा खोटा नाही

क्लाउडला नावं ठेवून जुन्या वहीकडे परत जा, असं सांगणं सोपं आहे, पण ते चुकीचं ठरेल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. सावित्रीने महाड बुडवलं. आपल्या कोकणी मुस्लिम व्यापाऱ्यांची किती दुकानं त्या दोन गावांत आहेत, हे वेगळं सांगायला नको. पाणी ओसरलं तेव्हा माल तर गेलाच होता. ज्यांच्या वह्या खालच्या फळीवर होत्या त्यांच्या वहीचा लगदा झाला, आणि ज्यांचा कॉम्प्युटर टेबलाखाली होता त्यांची हार्ड डिस्कही गेली. कोणाकडून किती येणं आहे याचा कागदच उरला नाही, तर माणूस वसुली कशावर करणार? विमा कंपनी तर स्टॉकचा पुरावा मागणारच.

दुकानातल्या आठ वर्षं जुन्या कॉम्प्युटरपेक्षा ऐरोलीतली ती इमारत शंभर पटींनी सुरक्षित आहे, यात मला शंका नाही. वीज जात नाही, पाणी शिरत नाही, रात्री शटर वाकवून कुणी डिस्क नेत नाही. धोका दुसरीकडे आहे. इमारत आणि आपण यांच्यामध्ये जी माणसं आणि कंपन्या उभ्या आहेत, ती साखळी आपल्याला दिसतच नाही.

मधली कडी तुटली की

याचा अनुभव महाराष्ट्रापासून गुजरातपर्यंतच्या सहकारी चळवळीला चांगला परिचयाचा असलेल्या क्षेत्रात आला. ३१ जुलै २०२४ ला नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जाहीर केलं की सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला काही काळ पेमेंटच्या जाळ्यातून बाजूला केलं आहे. ही कंपनी टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँकेची भागीदारीतली. सहकारी बँका आणि ग्रामीण बँका यांना ती बँकिंगची यंत्रणा पुरवते. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला होता, म्हणजे चोरांनी डेटाला कुलूप घालून खंडणी मागण्याचा प्रकार. आग पसरू नये म्हणून मधली भिंत पाडतात, तसं पेमेंटचं जाळं तोडण्यात आलं. सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार त्यामुळे अडकले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले.

यात एक गोष्ट नीट पाहा. त्या तीनशे बँकांनी काही गुन्हा केला नव्हता. त्यांच्यावर हल्लाही झाला नव्हता. सुरक्षा अभ्यासकांच्या म्हणण्यानुसार चोर आत शिरले ते सी-एजच्याही दारातून नाही, तर तिच्याशी जोडलेल्या आणखी एका कंपनीच्या सर्व्हरमधून, ज्याची मांडणी चुकीची राहिली होती. म्हणजे खातेदार, त्याची बँक, बँकेची यंत्रणा पुरवणारी कंपनी, त्या कंपनीचा सहकारी. चौथ्या घरातली खिडकी उघडी राहिली आणि पहिल्या घरातल्या माणसाला एटीएमसमोर रिकाम्या हाताने उभं राहावं लागलं.

आपलं बिलिंग ॲपही असंच आहे. ॲप एका छोट्या कंपनीचं. ती कंपनी मोठ्या क्लाउड कंपनीची भाडेकरू. एसएमएस पाठवायला तिसरी, पेमेंट घ्यायला चौथी. आपण म्हणजे भाडेकरूचे पोटभाडेकरू. मालकाने भाडेकरूला काढलं तर पोटभाडेकरूचं सामान रस्त्यावर येतं, हे मुंबईत राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

दोन देश, दोन नकला

आता थोडं बाहेर जाऊ, कारण गेल्या दोन वर्षांतल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली ऑस्ट्रेलियाची, मे २०२४ मधली. युनिसुपर हा तिथला मोठा पेन्शन फंड, सहा लाखांहून जास्त सभासद. त्याचा डेटा गुगल क्लाउडवर. एक दिवस तो सगळाच्या सगळा पुसला गेला. फंडाने शहाणपणाने दोन वेगवेगळ्या ठिकाणी डेटा ठेवला होता, पण दोन्ही एकाच खात्याखाली. खातंच गेलं, मग दोन्ही ठिकाणं गेली. गुगलने नंतर स्वतः कारण सांगितलं. खातं उभं करताना त्यांच्याच माणसाकडून एका आतल्या साधनात एक रकाना कोरा राहिला. कोऱ्या रकान्याचा अर्थ यंत्राने ‘एक वर्षाची मुदत’ असा घेतला, आणि वर्ष संपल्यावर न विचारता सगळं साफ केलं. एक कोरा रकाना! शाळेत आम्ही फॉर्म भरून घेताना मुलांच्या मागे लागतो ते उगाच नाही. तरी फंड वाचला. कारण त्यांनी एक नक्कल दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती, आणि गुगलच्या वेगळ्या साठ्यातल्या काही नकलाही शाबूत राहिल्या. आठवड्याहून जास्त काळ सभासदांना खातं बघता आलं नाही, पण पैसा आणि नोंदी परत मिळाल्या.

दुसरी घटना दक्षिण कोरियाची. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा थांबल्या. त्यातल्या बऱ्याच हळूहळू परत आल्या. पण ‘जी-ड्राइव्ह’ नावाचा सरकारी कर्मचाऱ्यांचा क्लाउड कायमचा जळाला. ८५८ टेराबाइट, सव्वा लाखाच्या आसपास कर्मचाऱ्यांचं काम. या लोकांना सूचनाच होती की फाइली ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, जी-ड्राइव्हवर ठेवा. त्यांनी आज्ञा पाळली. बाहेर दुसरी नक्कल का नव्हती? तर म्हणे डेटा फार मोठा होता, त्याची नक्कल ठेवणं जमण्यासारखं नव्हतं. जगातल्या सगळ्यात पुढारलेल्या डिजिटल सरकारांपैकी एक, आणि हे उत्तर.

दोन्ही ठिकाणी पैसा होता, इंजिनिअर होते. फरक एका गोष्टीचा. एकाने आपल्या वहीची नक्कल दुसऱ्या मालकाच्या घरात ठेवली होती, दुसऱ्याने नाही. हार्ड डिस्क साध्या, स्वस्त दुकानात मिळते. तंत्रज्ञानाच्या जगात याचा जुना हिशेब आहे: तीन नकला, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मी यात एकच भर घालीन. तिसरी नक्कल दुसऱ्या खात्याखाली, दुसऱ्या पासवर्डखाली हवी. एकाच जीमेलखाली ठेवलेल्या दहा नकला म्हणजे एकच नक्कल. आणि डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवू नका, कारण खंडणीवाल्याचं कुलूप त्या वायरमधून डिस्कवरही जाऊन पडतं.

आता वहीत हात घालणारा नवा कारकून

गेल्या दोन वर्षांत यात एआय आलं. बिलाचा फोटो काढला की आकडे आपोआप भरले जातात, महिनाअखेरीला कोणती पार्टी उशिरा पैसे देते ते यंत्र सांगतं, दोनदा चढलेलं बिल शोधून देतं. काम चांगलं करतं. पण या कारकुनाचे दोन स्वभाव ओळखून राहायला हवेत.

एक, त्याला जे सांगाल ते दुकानाबाहेर जातं. दुकानातला हुशार पोरगा सगळ्या पार्ट्यांची नावं, नंबर, थकबाकी यांची यादी उचलून फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकतो आणि म्हणतो, ‘वसुलीचा मेसेज बनवून दे.’ मेसेज फर्मास येतो. यादी मात्र परदेशातल्या सर्व्हरवर गेलेली असते. सॅमसंगच्या इंजिनिअरांनी २०२३ मध्ये असाच कंपनीचा गुप्त कोड चॅटजीपीटीत टाकला, आणि कंपनीला आपल्या लोकांवर बंदी घालावी लागली. आपल्या अर्थमंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अशी साधनं वापरू नका असं कळवलं होतं.

दोन, हात दिला तर तो चुकीचं बटणही दाबतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतले उद्योजक जेसन लेमकिन रेप्लिट या कंपनीचा एआय सहायक वापरत होते. काहीही बदल करायचा नाही, असं स्पष्ट सांगून ठेवलं होतं. तरी त्याने चालू डेटाबेस पुसला. बाराशेच्या वर अधिकाऱ्यांच्या आणि जवळपास तेवढ्याच कंपन्यांच्या नोंदी त्यात होत्या. वर हा डेटा परत आणता येणार नाही असंही त्याने सांगितलं, आणि तेही खरं निघालं नाही, डेटा परत आणता आला. माणूस मुनीम खोटं बोलताना निदान चेहरा उतरतो.

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ती आहे नावांची. मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद, आणि इंग्रजीत नुसतं ‘एमडी’ किंवा ‘मोहद’. शेखचं कधी शैख, सय्यदचं सैयद, बानोचं बानू. उर्दूत एकच अक्षर, मराठीत दोन प्रकारे, इंग्रजीत पाच प्रकारे. पासपोर्टवर एक, पॅनवर दुसरं, आधारवर तिसरं. शाळेच्या दाखल्यापासून हा गोंधळ सुरू होतो, आणि ते रजिस्टर मी रोज बघतो. माणूस कारकून ओळखत असतो की हे एकच गिऱ्हाईक आहे. यंत्र दोन चुका करतं. कधी एका माणसाची तीन खाती बनवतं, मग त्याने भरलेले पैसे एका खात्यात आणि थकबाकी दुसऱ्यात दिसते. कधी दोन वेगळ्या मोहम्मद इस्माईलना एक करून टाकतं, आणि एकाची उधारी दुसऱ्याच्या माथी. कर्ज देणाऱ्या कंपन्याही आता अशीच यंत्रं लावून माणसाची पत बघतात, त्यामुळे ही चूक दुकानापुरती राहत नाही. नावावर गिऱ्हाईक ओळखू नका, मोबाइल नंबर किंवा जीएसटी नंबरवर ओळखा, आणि यंत्राने ‘ही दोन खाती एक करू का’ विचारलं तर हो म्हणण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला दाखवा.

अमानत कोणाची, जबाबदारी कोणाची

डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. अजून वेळ आहे असं वाटतं, पण मुद्दा समजून घ्यायला आजच बसलेलं बरं.

कायद्यात एक शब्द आहे ‘डेटा फिड्युशियरी’. आपल्या भाषेत त्याला अमानतदार म्हणता येईल. लोकांची वैयक्तिक माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो तो अमानतदार. त्याच्या वतीने जो ती माहिती सांभाळतो, म्हणजे क्लाउडवाला किंवा ॲपवाला, तो नुसता ‘प्रोसेसर’. आणि कायदा सरळ म्हणतो की करारात काहीही लिहिलेलं असलं तरी जबाबदारी अमानतदाराची. डेटा ॲपवाल्याकडून फुटला, तरी लोकांना तोंड तुम्हालाच द्यायचं आहे. आपल्याकडे अमानतीबद्दल जे लहानपणापासून शिकवलं जातं त्यापेक्षा हे काही वेगळं नाही. कोणी आपल्याकडे वस्तू ठेवली, आपण ती शेजाऱ्याकडे ठेवायला दिली आणि हरवली, तर मालक आपल्याच दारात येणार.

हे दुकानदारापेक्षा जास्त लागू पडतं ते उमरा टूरवाल्यांना. एका ग्रुपमध्ये पन्नास जण. प्रत्येकाचा पासपोर्ट, आधार, फोटो, बायकांचे फोटो, महरमचं नातं, लसीचा कागद, कधी आजारपणाची माहिती. हे सगळं व्हॉट्सॲपवर येतं, तिथून ड्राइव्हवर जातं, तिथून एजंटाला, पुढे आणखी एका एजंटाला. ग्रुप परत येऊन पाच वर्षं झाली तरी ते कागद त्याच फोल्डरमध्ये, आणि फोल्डरची लिंक ज्याला मिळेल त्याला उघडता येते. नव्या कायद्यात काम संपल्यावर माहिती पुसून टाकायची आहे, दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला सांगितली नसेल तर. डेटा फुटला तर ज्यांचा फुटला त्यांना विनाविलंब कळवायचं, आणि डेटा प्रोटेक्शन बोर्डाला ७२ तासांत सविस्तर. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तो आकडा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, छोट्याला बघून बोर्ड ठरवेल, उगाच घाबरायचं कारण नाही. पण एखाद्या बाईच्या पासपोर्टचा फोटो वापरून कोणी सिमकार्ड काढलं, तर तिला झालेला त्रास दंडाच्या आकड्यात मोजता येत नाही.

दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, लग्न जुळवणारे ब्यूरो, कोचिंग क्लास, सगळे यात आले. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी परवानगी लागणार आहे. शाळांना काही बाबतींत सूट आहे, पण म्हणून मुलांचे नंबर आणि फोटो कुठल्याही ॲपला देऊन टाकावेत असं नाही.

कायद्यातली एक चांगली तरतूद लोकांना अजून माहीत नाही. परवानगी मागणारी नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायला मिळण्याचा हक्क आहे. मराठी त्यात आहे आणि उर्दूही आहे. शिवाय चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क आहे. वर नावांच्या गोंधळाचं सांगितलं, त्यावर हाच इलाज.

अब्बा गेले, फोन लॉक

आता सगळ्यात अवघड भाग. धंद्याचं खातं बहुतेक घरांत वडिलांच्या मोबाइल नंबरवर असतं. पासवर्ड त्यांच्या डोक्यात, ओटीपी त्यांच्या सिमवर, फोन त्यांच्या अंगठ्याने उघडतो. माणूस अचानक गेला तर काय होतं?

पूर्वी वही गल्ल्याखाली असायची. मयतीनंतर भाऊ बसायचे, पान उलटायचे, कोणाचं देणं आहे ते निघायचं. आपल्या शरियतीत तर क्रमच ठरलेला आहे: आधी दफनविधीचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, आणि त्यानंतर वारसांमध्ये तरक्याची वाटणी. कर्ज किती हेच कळलं नाही तर पुढचं सगळं अडतं. सुताचा व्यापारी म्हणतो चार लाख देणं होतं, मुलगा म्हणतो अब्बांनी रमजानमध्येच दिले होते. दोघंही खरं बोलत असतील, पण पुरावा लॉक झालेल्या फोनमध्ये आहे. भरीस भर म्हणून घरच्यांनी खर्च नको म्हणून सिमचं रिचार्ज थांबवलं, की काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतो.

विधवा बाईचा हिस्सा यात सगळ्यात आधी बुडतो. ज्याच्या हातात पासवर्ड तो सांगेल तो हिशेब. पुतण्या किंवा धाकटा दीर प्रामाणिक असेल तर ठीक, नसेल तर तिच्याकडे विचारायलाही काही नाही. वही होती तेव्हा ती निदान पान उघडून दाखव म्हणू शकत होती.

यावर उपाय महागडा नाही. खात्याचा मालक म्हणून दोन माणसं नोंदवता येतात, ती नोंदवा. त्यात एक घरातली बाई असेल तर उत्तम. गुगलमध्ये सोय आहे की खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला डेटा मिळतो. ती सोय मराठी मेनूतही दिसते, चालू करायला दहा मिनिटं पुरतात. हिशेबाचं खातं अकाउंटंटच्या स्वतःच्या जीमेलवर असेल तर ते आजच धंद्याच्या नावाच्या वेगळ्या ईमेलवर आणा. भांडण करून नाही, तो नोकरीवर आहे आणि चहा पितोय तेव्हाच. आणि महिन्यातून एकदा येण्या-देण्याची यादी कागदावर छापून कपाटात ठेवा. हो, कागदावर. शंभर रुपयांत वर्षभराचं काम होतं.

ॲपवाल्याला चार प्रश्न विचारायला लाजू नका. माझा डेटा कुठल्या शहरात आहे? नक्कल किती वाजता निघते आणि ती कुठे राहते? मी उद्या सेवा सोडली तर डेटा मला कोणत्या फॉर्ममध्ये मिळेल, एक्सेलमध्ये मिळेल ना? आणि तुमच्याकडून डेटा फुटला तर मला किती तासांत कळवाल? कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या वह्यांची नक्कल भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर विक्रेत्याकडे तयार असायलाच हवं. तो टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजा.

मार्चअखेर जवळ आली की सगळे सीएच्या मागे लागतात. त्याआधीच्या एखाद्या जुम्म्याला, दुकान दुपारी बंद असतं तेव्हा, नक्कल काढलेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. मागच्या वर्षीचं एक बिल शोधा, एका जुन्या पार्टीचं खातं उघडा, बाकी जुळते का पाहा. नक्कल निघाली असा मेसेज येणं वेगळं, आणि त्या नकलेतून बिल सापडणं वेगळं. फाइल उघडली नाही, किंवा उघडून रिकामी निघाली, तर विक्रेत्याला फोन करायला अजून वेळ हातात असेल.